घरच्या रेडिओ केंद्रासाठी दिशादर्शी अँटेना निवडताना

आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी ‘यागी’ अँटेना हाताळलेला आहे. त्याचे नाव मात्र तेव्हा कोणी सांगितले नव्हते. दूरदर्शनच्या दिवसांत एकाने अगाशीवर जाऊन खांब फिरवायचा, दुसऱ्याने जिन्यात उभे राहून निरोप पोचवायचा आणि तिसऱ्याने दिवाणखान्यातून ओरडायचे, ‘आलं... आलं... गेलं! पुन्हा मुंग्या!’ माशाच्या काट्यासारखा दिसणारा तो ॲल्युमिनियमचा सांगाडा म्हणजेच यागी. केबल टीव्ही आला आणि तो भंगारात गेला. आता तो पुन्हा मंडळात चर्चेला आला आहे, आणि त्याला कारण आहे विश्वामित्री.

२०२४ च्या ऑगस्टअखेर बडोद्यात पाणी शिरले तेव्हा आपल्या अनेक सभासदांच्या घरी वीज नव्हती, मोबाइल बंद पडले होते आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आजी-आजोबांची खुशाली कळायलाही वाट पाहावी लागली. आमच्यापैकी काही जणांकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना आहे. पूर ओसरल्यावर वेगवेगळ्या घरांतून आम्हाला एकच प्रश्न आला: ‘घरी रेडिओ ठेवायचा तर इंटरनेटवर दिसतो तसा बीम अँटेना घ्यावा का?’ उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही, म्हणून हा लेख.

सीबी आणि हॅम: आधी हा फरक

इंटरनेटवर जे मोठे बीम दिसतात ते पुष्कळदा अमेरिकेतल्या सीबी, म्हणजे ‘सिटिझन्स बँड’ रेडिओचे असतात. तिथे २७ मेगाहर्ट्झच्या आसपास ४० चॅनेल सर्वांना खुले आहेत. ट्रकचालक ते वापरतात, तसे घरी बसून बोलणारे हौशी लोकही वापरतात. साध्या एएम प्रकारात संचातून बाहेर पडणारी शक्ती ४ वॅटपर्यंत ठेवावी लागते. ही मर्यादा संचावर आहे. संचाची शक्ती वाढवता येत नाही, म्हणून तिथला माणूस चांगला बीम लावून आहे तीच शक्ती हव्या त्या दिशेला वळवतो. तिथे बीमला महत्त्व आले ते यामुळे.

भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे, पण आपली मर्यादा ५ वॅट ‘इफेक्टिव्ह रेडिएटेड पॉवर’ची आहे. म्हणजे अँटेनाने केलेली वाढही हिशेबात धरायची. एखादा बीम पुढच्या दिशेला शक्ती चौपट करत असेल, तर आपल्याला संच सव्वा वॅटवर आणावा लागेल. दिव्यामागे आरसा लावायचा आणि मग वात खाली करायची, असा हा प्रकार. ऐकू जरा बरे येईल, पण आपला आवाज नियमात राहून पूर्वीपेक्षा लांब जाणार नाही.

दुसरी अडचण आकाराची. लहरीची लांबी काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागायचे. २७ मेगाहर्ट्झला ती सुमारे ११ मीटर येते. बीममधली प्रत्येक दांडी अर्ध्या लहरीएवढी, म्हणजे साडेपाच मीटर. असा सांगाडा फिरवायचा तर सहा-सात मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. दांडिया बाजारातल्या जुन्या घरावर तो मावणार नाही, आणि मांजलपूरच्या फ्लॅटवर सोसायटी मानणार नाही.

म्हणून घरच्या केंद्रासाठी आम्ही हॅमच्या ‘दोन मीटर’ पट्ट्याचा विचार सुचवतो. हा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. इथे दांडी जेमतेम एक मीटरची असते, एका हाताने उचलता येते. मात्र हॅमसाठी परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना घ्यावा लागतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स यावे लागत नाही, आणि बारा वर्षे पूर्ण झालेली मुलेही परीक्षेला बसू शकतात. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. बाबांचा परवाना आहे म्हणून इतरांनी त्यांच्या गैरहजेरीत संच वापरायचा नाही.

बीम काय करतो

जपानमधल्या सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये हा अँटेना जगापुढे मांडला. यागींनी इंग्रजीत लिहिले म्हणून त्यांचेच नाव रूढ झाले. गंमत अशी की १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर ब्रिटिशांच्या रडारविषयीच्या टिपणांत ‘यागी’ हा शब्द वारंवार आला, आणि तो आपल्याच प्राध्यापकाच्या नावावरून आला आहे हे जपानी अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते.

रचना साधी आहे. केबल फक्त एकाच दांडीला जोडलेली असते. तिच्या मागे थोडी लांब दांडी असते, ती परावर्तक. पुढे थोड्या आखूड दांड्या असतात, त्या दिशादर्शक. या दांड्यांना तार जोडलेली नसते. पण मधल्या दांडीची लहर त्यांच्यात विद्युतप्रवाह निर्माण करते, त्यांतून पुन्हा लहरी निघतात, आणि लांबीतल्या फरकामुळे त्या पुढच्या बाजूला एकमेकींना मिळतात, मागच्या बाजूला एकमेकींना मारतात.

यात नवी शक्ती तयार होत नाही. पुढे जे वाढते ते मागचे आणि बाजूचे कमी करूनच. ही वाढ, म्हणजे ‘गेन’, डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, ६ म्हणजे चौपट, १० म्हणजे दहापट. तीन दांड्यांचा यागी साध्या द्विध्रुवाच्या, म्हणजे डायपोलच्या, तुलनेत ५ ते ६ डेसिबल देतो. त्यापुढे वाढ महाग पडते: मधला दांडा, म्हणजे बूम, दुप्पट लांब केला तरी जेमतेम अडीच-तीन डेसिबलच वाढतात. खोक्यावरचे आकडे वाचताना ‘डीबीडी’ आणि ‘डीबीआय’ यांतला फरक पाहावा. डीबीआयचा आकडा त्याच अँटेनासाठी २.१५ ने मोठा दिसतो, त्यामुळे जाहिरातीत बहुधा तोच छापलेला असतो.

आता दुसरी बाजू. तीन-चार दांड्यांचा बरा यागी मागच्या दिशेचा आवाज पुढच्यापेक्षा १५ ते २० डेसिबल कमी करतो, म्हणजे तिसाव्या ते शंभराव्या हिश्श्यावर आणतो. गोंगाट मागून येत असेल तर हा गुण आहे. पण मदत मागणारा माणूस मागे असेल तर?

हे आम्ही अनुभवाने शिकलो. पुरानंतर एका रविवारी आम्ही सराव ठेवला होता. रावपुऱ्यातल्या आमच्या एका घरावर यागी होता आणि तो दक्षिणेला मांजलपूरकडे वळवलेला होता. तिकडची बोलणी अगदी स्वच्छ येत होती, म्हणून आम्ही खुशीत होतो. कारेलीबागेतले आमचे एक ज्येष्ठ सभासद तळमजल्यावरून हातातल्या छोट्या संचावर दहा मिनिटे हाका मारत होते. आम्हाला काहीच ऐकू आले नाही. शेवटी ते फोनवर रागावले. अँटेना ईशान्येकडे फिरवला आणि त्यांचा आवाज लगेच आला. सराव होता म्हणून आम्ही हसलो. पुरात तसे हसता आले नसते.

आधी ठरवा: कोणाशी बोलायचे आहे?

अँटेना निवडताना पहिला प्रश्न गेनचा नाही, दिशेचा आहे.

शहरातल्या शहरात आणि आपत्तीच्या वेळी बोलायचे असेल, तर हाक कुठून येईल हे आधी कळत नाही. अशा वेळी बीम नको. सर्व दिशांना सारखा ऐकणारा उभा अँटेना हवा. तो स्वस्त असतो, वारा कमी धरतो आणि फिरवावा लागत नाही. पुरामुळे ज्यांनी विचारले, त्या सर्वांना आमचे पहिले उत्तर हेच आहे.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी बोलायचे असेल, तरीही बीम नको. बडोद्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ३६० किलोमीटर, पुणे सव्वाचारशेच्या आसपास. दोन मीटरच्या लहरी साधारणपणे क्षितिजापलीकडे जात नाहीत, त्यामुळे कितीही दांड्या लावल्या तरी रोजचे बोलणे जमणार नाही. त्यासाठी ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४० मीटरचा पट्टा योग्य. तिथल्या लहरी वर जाऊन वातावरणाच्या आयनांबरातून परत खाली येतात, आणि दिवसा तीन-चारशे किलोमीटरचे अंतर सहज साधते. त्याला लागते सुमारे वीस मीटर तांब्याची तार, मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना उतरती बांधलेली. समोरच्या माणसाकडेही परवाना आणि तसाच संच हवा, आणि आपल्या श्रेणीला त्या पट्ट्याची परवानगी आहे ना, हे पाहून घ्यावे.

एकाच ठरलेल्या दूरच्या ठिकाणी पोचायचे असेल, तर बीम हवा. आपले घर शहराच्या कडेला आहे, रिपीटर लांब आहे, हातातल्या संचावर खरखर येते. किंवा तीस-चाळीस किलोमीटरवरच्या गावातल्या एका मित्राशीच रोज बोलायचे आहे. अशा वेळी तीन ते पाच दांड्यांचा यागी त्या दिशेला पक्का बसवला की काम होते. त्याला फिरवणारी मोटर लागत नाही.

आकाशातल्या केंद्रांशी बोलायचे असेल, तर बीमसारखी मजा नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम केंद्र आहे आणि तिथून १४५.८०० मेगाहर्ट्झवर आवाज येतो, अधूनमधून चित्रेही येतात. स्थानक आपल्यावरून जास्तीत जास्त दहा मिनिटांत निघून जाते, म्हणून हलका यागी हातात धरून त्याच्यामागे फिरवत न्यायचा. भारताने २००५ च्या मे महिन्यात ‘हॅमसॅट’ हा हौशी रेडिओचा उपग्रह सोडला होता. तो २०१४ पर्यंत चालला आणि देशोदेशीच्या हौशी मंडळींनी तो वापरला. मुलांना या छंदाकडे वळवायचे असेल तर सुरुवात इथून करावी.

उभा की आडवा

दांड्या जमिनीला समांतर ठेवल्या तर लहर आडवी, उभ्या ठेवल्या तर उभी. दोन्ही टोकांना एकच पद्धत हवी. एक उभा आणि एक आडवा असेल तर २० डेसिबलपर्यंत नुकसान होऊ शकते. गाडीवरचे, हातातले आणि रिपीटरचे अँटेना उभे असतात, म्हणून एफएमवर बोलणाऱ्याने यागीच्या दांड्याही उभ्या ठेवाव्यात. टीव्हीच्या सवयीने अनेक जण तो आडवा बसवतात आणि मग संचाला दोष देतात.

उभ्या दांड्यांना लोखंडी खांबाचा त्रास होतो, कारण खांबही उभाच असतो आणि तो मध्येच एखाद्या दांडीसारखा वागू लागतो. म्हणून बूम मागच्या टोकाला, परावर्तकाच्याही मागे धरावा, किंवा वरचा मीटर-दीड मीटर भाग फायबरच्या नळीचा घ्यावा.

केबल आणि उंची

पैसे कुठे खर्च करावेत, असे कोणी विचारले तर आम्ही आधी केबल सांगतो. बाजारात सहज मिळणारी बारीक आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे २० डेसिबल खाते. अगाशीपासून खोलीपर्यंत वीस मीटर केबल लागली तर ४ डेसिबल गेले, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच संपली. यागीने जे मिळवले त्यातला मोठा वाटा केबलने परत घेतला. त्याच अंतराला जाड आरजी-२१३ मध्ये पावणेदोन डेसिबलच्या आसपास जातात, आणि एलएमआर-४०० मध्ये साधारण एक. आमच्यातल्या दोघांनी पाच दांड्यांचा महाग बीम घेऊन त्याला बारीक केबल जोडली होती. केबल बदलल्यावर जो फरक पडला, तो नव्या अँटेनाएवढा होता. जोडावर पाणी शिरू नये म्हणून वर रबराची पट्टी घट्ट गुंडाळावी. एका पावसाळ्यात उघडा जोड काळा पडतो.

उंचीचा हिशेबही सोपा आहे. अँटेनाच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणले की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. बारा मीटरवरचा अँटेना चौदा किलोमीटरपर्यंत ‘पाहतो’. समोरचाही तेवढाच उंच असेल तर दोन्ही मिळून अठ्ठावीस. मध्ये उंच इमारती असतील तर हे अंतर कमी होते. मात्र उंची वाढवायची ती खांब सांभाळता येईल एवढीच.

उत्तरायण, वारा आणि विजेच्या तारा

आता आपल्या गावाचा खास मुद्दा. १४ आणि १५ जानेवारीला अख्खे बडोदे अगाशीवर असते. यागीच्या दांड्यांत मांजा अडकतोच, आणि अडकला की पोरे ओढतात. एका वर्षी आम्ही बीम खाली उतरवायचा कंटाळा केला. दोन दांड्या वाकल्या, त्याचे काही नाही. पण अडकलेला पतंग काढायला शेजारचा एक मुलगा अगाशीच्या कठड्यावर चढला. त्याला वेळीच खाली घेतले. तेव्हापासून आमचा नियम आहे: तिळगूळ करायला घेतले की बीम खाली. म्हणून अँटेना असा निवडा की दोन माणसांना अर्ध्या तासात उतरवता येईल. तीन दांड्यांचा यागी एखाद्या किलोचा असतो, तिथे हे जमते.

मे-जूनमधल्या वादळी वाऱ्याचा जोर मोठ्या बीमवर फार येतो. खांबाला तीन बाजूंनी ताण द्यावा. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला किंवा कठड्याच्या विटेला खांब बांधू नये. कबुतरे दांड्यांवर बसणारच, हेही गृहीत धरावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विजेच्या तारा. जुन्या भागांत त्या अगाशीच्या हाताशी असतात. खांब उभारताना किंवा कधीही कोसळला तर तारेपर्यंत पोचेल, अशा जागी तो उभारूच नये. खांब आणि अँटेना मिळून जेवढी उंची होईल, त्याच्या निदान दीडपट अंतर तारांपासून हवे. तेवढी जागा नसेल तर तिथे बीम नाही, यात तडजोड नाही. एकट्याने खांब उभारू नये, वाऱ्यात तर नाहीच. खांबाला जाड तांब्याच्या तारेने जमिनीत अर्थिंग द्यावे. पावसाळ्यात संच वापरात नसेल तेव्हा केबल काढून ठेवावी. ढग गडगडू लागल्यावर काढायला जाऊ नये, आधीच काढलेली असावी.

सोसायटीची लेखी संमती आधी घ्यावी. हरणीकडे, विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी उंच खांबाचा विचार करण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

तर मग काय घ्यावे?

आमचा क्रम असा आहे. आधी परवाना. मग सर्व दिशांचा उभा अँटेना आणि त्याला चांगली केबल. या दोन गोष्टींवर एक पावसाळा काढावा. कोणाचा आवाज येतो, कोणाचा येत नाही, तो कोणत्या दिशेला आहे, हे वहीत लिहून ठेवावे. वही भरली की बीम हवा की नको, आणि हवा तर कोणत्या दिशेला, हे आपोआप कळते.

बीम हवाच असे ठरले, तर पहिला घरी करावा. परावर्तक सुमारे १०३ सेंटिमीटर, मधली दांडी ९७, दिशादर्शक ९२-९३, दोहोंमधले अंतर साधारण ४० सेंटिमीटर. दांडीच्या जाडीप्रमाणे मापे थोडी बदलतात, म्हणून शेवटी एसडब्ल्यूआर मोजून मधली दांडी थोडी थोडी कापावी. दीडच्या आत आले की पुरे. नळ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, मीटर आमच्याकडे आहे. फिरवणारी मोटर सर्वांत शेवटी, आणि बहुतेकांना ती लागतच नाही. पण बीम लावला तरी उभा अँटेना काढू नये. बीम एका दिशेला लांबचे ऐकेल, उभा अँटेना शेजारच्या गल्लीतली हाक ऐकेल.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. येताना आपल्या अगाशीचे माप, चारही दिशांचे फोटो आणि जवळच्या विजेच्या तारांचा फोटो आणावा. रविवारी सकाळी आम्ही घरी येऊन पाहतो. चहा पुरे, केबल कुठून न्यायची ते मात्र घरातल्या मंडळींना विचारूनच ठरवू.